तलवारी नापास करणाऱ्या मॅडम

मी मॅडमच्या हाताखाली काम केलं आहे, हे मी लोकांना त्यांनी न विचारता सांगतो. लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्याला सांगतो, बँकेत टोकन धरून बसलेल्याला सांगतो. एकदा तर दाताच्या डॉक्टरला, त्याने माझ्या तोंडात आरसा घालायच्या आत घाईघाईने सांगून टाकलं. कुठल्या मॅडम, असं समोरचा विचारतोच. मग मी जरा सावरून बसतो. जपानी तलवार खरी की खोटी, कुठल्या काळातली, कुठल्या मुलखातली, हे नुसतं बघून सांगणारी बाई आमच्या कोपरखैरण्यात राहते आणि तिने मला कित्येक वर्षं रोज झापलं आहे, एवढं ऐकल्यावर माणूस ताटातली जिलबी विसरतो.

रबाळ्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. पोलाद कापायची हत्यारं बनायची, ड्रिल, कटर वगैरे. मॅडम इन्स्पेक्शनच्या मुख्य. तयार माल त्यांच्या टेबलावर यायचा आणि बहुतेक वेळा तिथूनच परत जायचा. मॅडमच्या टेबलावरून सुटलेला माल यमाच्या दारातही पास होईल, असं शॉपफ्लोअरवरची मंडळी दात-ओठ खाऊन म्हणायची. मॅडमना हे माहीत होतं आणि आवडतही होतं.

"माझं काम पास करणं नाहीये," त्या नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगायच्या. "मी नापास करायला बसलेय. जे नापास करता येत नाही, ते पास."

हे तत्त्व त्या कारखान्याच्या गेटबाहेरही चालवायच्या. भाजी, रिक्षावाले, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांना लागू. माझ्या लग्नानंतर मी बायकोला त्यांच्या पाया पडायला नेलं. त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, आणि मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या, "हिच्यात मला काही सापडलं नाही. तुझ्यात तिला सापडेल. जपून राहा." बायको अजून हे वाक्य महिन्यातून एकदा मला ऐकवते.

तलवारींचं वेड त्यांना तरुणपणी लागलं. कंपनीने ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं होतं, आणि ज्या घरात खोली मिळाली, तिथला म्हातारा घरमालक तलवारींना पॉलिश करणारा निघाला. जमिनीवर उकिडवा बसून, दगडावर पाणी शिंपडत, एका पात्यावर महिनोन्‌महिने काम करणारा. रविवारी तो मॅडमना समोर बसवायचा. मुठीकडचा भाग फडक्यात गुंडाळलेला, कारण करणाऱ्याचं नाव तिथे कोरलेलं असतं. उघड्या पात्याकडे बघून सांगायचं, काळ कुठला, मुलूख कुठला. चुकलं की तो काही बोलायचा नाही, चहा ओतायचा आणि फडकं तसंच ठेवायचा. "ट्रेनिंग संपेपर्यंत त्या माणसाने माझ्या हातात चहाशिवाय काही दिलं नाही," असं त्या सांगायच्या. यात तक्रार नसायची, तोरा असायचा.

पुढे आमची सुट्टी महाबळेश्वरला जायची तेव्हा मॅडमची जपानला जायची. हळूहळू लोकांना कळलं. संग्राहक यायला लागले, लिलाववाले यायला लागले. आणि घराघरांतून माणसं यायला लागली. आपल्याकडे या तलवारी आल्या कुठून असं वाटेल, पण दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेल्या आपल्या शिपायांनी त्या आणल्या. शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांच्या कमरेच्या. त्यांतल्या बऱ्याच युद्धाच्या घाईत कारखान्यात ठोकलेल्या होत्या. पण काही अधिकारी घरातलं शेकडो वर्षांचं पातं घेऊन त्यावर लष्करी मूठ आणि म्यान चढवून आले होते. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि त्यातला फरक सांगणं हे मॅडमचं काम होतं.

बोनकोडे गावाच्या अंगाला त्यांचा फ्लॅट. हॉलमध्ये सोफा नाही, एक सतरंजी, आणि तिच्या बरोबर वर लोंबणारा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब. नितळ काचेचा. ट्यूबलाइट आणि एलईडीवर त्यांचा दात. त्यांचं म्हणणं, तो उजेड सगळीकडून येतो आणि सगळं झाकतो. एका ठिपक्यातून येणारा उजेड असला तरच धारेला पाणी दिल्याची रेघ दिसते. बाजारातून ते बल्ब नाहीसे व्हायला लागले तेव्हा त्यांनी तुर्भ्याच्या हार्डवेअरवाल्यांना अक्षरशः वेठीला धरलं. कपाटात साड्यांच्या कप्प्यात जुन्या पायमोज्यांत घातलेले बल्ब. फीसुद्धा तीच. तलवार दाखवायला यायचं तर एक चालू तारेचा बल्ब घेऊन यायचं. चांगल्या गाडीतून उतरलेला कारखानदार "भाऊ, साधा बल्ब आहे का हो, पिवळा?" असं अजीजीने विचारत तुर्भ्यात फिरताना मी पाहिला आहे. फार बरं वाटलं होतं मला.

घरात शिरल्यावर पंखा बंद, खिडक्या बंद, मोबाईल फ्रीजवर. आणि ओठांत कागदाची घडी. मागल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं कापून त्या चौकोन करून ठेवायच्या. तलवार म्यानाबाहेर असेपर्यंत प्रत्येकाने तो कागद ओठांत धरायचा. ही जपानमधली रीत, तोंडातला ओलावा पात्यावर उडू नये म्हणून. मॅडमना तिचा आणखी एक उपयोग होता. "लोक तलवारीबरोबर गोष्ट घेऊन येतात," त्या म्हणायच्या. "गोष्ट आधी ऐकली की डोळे तिच्या बाजूने बघायला लागतात. आधी पातं. मग गोष्ट." माझ्यासारख्या बोलक्या माणसाला तो कागद म्हणजे शिक्षाच होती. तरी मी शनिवारी जायचो. माझा हात स्थिर आहे म्हणून बल्बची वायर धरून उजेड पुढे-मागे करायचं काम माझ्याकडे होतं. घरी मी हे कामही जरा मोठं करूनच सांगायचो.

एकदा त्यांच्याबरोबर मासळी घ्यायला गेलो. आगरी मावशी कोयत्यावर सुरमई कापत होती. मॅडम मासा सोडून कोयत्याकडेच बघत उभ्या. मावशीने दोनदा वर बघितलं आणि म्हणाली, "काय गो बाय, मासा घेतंस का कोयताच घरी नेतंस? माज्या सासूचा हाय तो, देनार नाय." मॅडमनी विचारलं, धार कशावर लावता. मावशी म्हणाली, "दगरावं. पानी घालून. आनखी कशावं?" मॅडमनी खिशातून भिंग काढलं, धार बघितली आणि "पास" म्हणाल्या. मी रबाळ्यात आयुष्य घातलं, मला हा शब्द इतक्या झटपट कधी मिळाला नव्हता.

उरणच्या एका गोदामात कुणी व्यापाऱ्याने हॉटेल सजवायला म्हणून पेटीभर तलवारी मागवल्या होत्या, 'जुन्या, दुर्मीळ' म्हणून. मॅडम पर्समधून बल्ब काढून पहिल्यांदा प्लग पॉइंट शोधायला लागल्या. तिसरी तलवार हातात घेतल्यावर त्यांनी बल्ब विझवला. "सगळ्या एका आईच्या," म्हणाल्या, "आणि आई मशीन आहे." सीवुड्सच्या एका हौशी गृहस्थांनी तलवारीच्या मुठीपुढची लोखंडी चकती आणली होती, तिला जपानीत त्सुबा म्हणतात. उडत्या बगळ्यांची सुरेख जाळी कोरलेली. मॅडमनी जाळीच्या आतल्या कडा भिंगाने बघितल्या आणि परत दिली. कोरलेली असती तर आत कानशीचे ओरखडे असते, आत वाळूचे खड्डे होते, म्हणजे साच्यात ओतलेली. गृहस्थ म्हणाले, अहो, पण दिसते किती छान. "छान आहेच," मॅडम म्हणाल्या. "भिंतीवर लावा. खोटं बोलू नका, एवढंच." ते पुढे मॅडमचे मित्र झाले, कारण असं बोलणारं माणूस त्यांना दुसरं मिळालं नसावं.

आता मॅडम तलवारी बघत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काहीबाही सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी ओळखीचं एक पातं बल्बखाली धरलं आणि नेहमीची रेघ नेहमीच्या जागी दिसली नाही. दुसऱ्या दिवशी मला फोन केला, "मी नापास झालेय. शिडी घेऊन ये, बल्ब उतरवायचाय." मी म्हटलं, मॅडम, चष्मा बदलून बघू. त्या म्हणाल्या, चुकीचं मोजणारं माप मी टेबलावर ठेवलं होतं का कधी? नव्हतं ठेवलं, म्हणून मी शिडी घेऊन गेलो.

त्याच्या बऱ्याच आधीची, खांदेश्वरच्या माणसांची गोष्ट. लोकांना मला खरं तर हीच सांगायची असते.

कुटुंब मूळचं साताऱ्याकडचं. एका सरकारी खात्यातून रिटायर झालेला मुलगा, साठी ओलांडलेला, आणि त्याची नव्वदीला टेकलेली आई. नऊवारी, कमरेला चंची, कमरेत वाकलेल्या पण जिना माझ्या आधी चढल्या. गोष्ट आधी सांगायची नाही हा नियम मॅडमसाठी होता, माझ्यासाठी नाही, म्हणून जिन्यात मी सगळं विचारून घेतलं.

आजींचे यजमान ब्रह्मदेशात लढले होते. एका जपानी अधिकाऱ्याने ही तलवार आपल्या हातांनी दिली, असं ते जन्मभर सांगत आले आणि गाव जन्मभर गालात हसत आलं. आता गावच्या शाळेत सैन्यात गेलेल्या गावकऱ्यांचं दालन होणार होतं. तलवार मधोमध मांडायची ठरली होती. पण कमिटीने शहरातल्या कुणा जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला बोलावलं. त्याने मूठ काढायला लावली, आतलं शेपूट, म्हणजे पात्याचा मुठीत लपलेला भाग, बघितलं आणि सांगितलं, ही अलीकडची आहे, कुठल्या तरी बाजारात घेतली असेल. गाव आता उघड हसायला लागलं. कमिटी म्हणाली, 'नमुना' म्हणून ठेवू, नाव घालणार नाही.

"आई म्हणते, नाव लागणार नसेल तर विहिरीत टाक," मुलगा म्हणाला. "वडील खोटारडे ठरले तर ती जगायची नाही हो."

सतरंजीवर बसल्यावर मॅडमनी कागदाच्या घड्या वाटल्या. आजींनी आपली घडी बाजूला ठेवली, चंचीतून विड्याचं पान काढलं आणि ते ओठांत धरलं. मला वाटलं, म्हातारीला पान खायची तल्लफ आली. पण त्या चावत नव्हत्या.

मॅडमनी तलवारीला वाकून नमस्कार केला, म्यानातून काढली आणि बघायला लागल्या. आधी बाक, मग पोलादाचे पदर. चांगल्या पात्यात घड्या घातलेल्या पोलादाचे पदर चिरोट्यासारखे दिसतात, कारखान्यातल्या पात्यात नुसता पत्रा दिसतो. मग पाण्याची रेघ. मी वायर पुढे-मागे करत होतो. मॅडमना दोष सापडला की त्या ताबडतोब मान तिरकी करतात, हे मला माहीत होतं. मान सरळच होती. माझा हात दुखायला लागला तरी सरळ होती.

शेवटी मूठ काढायला म्हणून त्यांनी हात घातला, तर आजींनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ओठांत पान, त्यामुळे बोलल्या नाहीत. तलवार आपल्याकडे घेतली. अडकित्त्याच्या टोकाने मुठीतली बांबूची खुंटी बरोबर ज्या बाजूने निघते त्या बाजूने बाहेर ढकलली. मग तलवार डाव्या हातात उभी धरली, धार आपल्यापासून लांब, आणि उजव्या मुठीने स्वतःच्याच डाव्या मनगटावर हलकेच ठोकलं. एकदा, पुन्हा एकदा. पातं मुठीतून अलगद वर आलं.

मॅडमनी ओठांतला कागद काढला. उघड्या पात्यासमोर त्यांना तसं करताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

आजींनी आधी पातं फडक्यावर ठेवलं, मग पान काढलं. "मालकांनी."

"आणि त्यांना?"

"जेची हुती त्येनं. शरन आल्यावर मालकांचा पहारा हुता त्येच्यावर. बोली कळंना एकमेकाची. हातानंच दावलं समदं. तोंडात कायतरी धरायचं, बोलायचं न्हाई, मूठ अशी ठोकायची, तेल असं लावायचं. पोरगी सासरी धाडताना सांगावं तसं सांगत हुता म्हनं. मालक रडल्यालं मी दोनदाच बघितलं, त्यातलं एक ह्ये सांगताना."

मॅडम मुलाकडे वळल्या. "तलवार बाजारात मिळते," म्हणाल्या. "हे मनगटावर ठोकणं बाजारात मिळत नाही. मला ते शिकायला जपानला जावं लागलं."

मुलाचा चेहरा उजळला, पण लगेच उतरला. "मग दुकानदार शेपटाचं म्हणाला ते?"

मुठीच्या आत राहणाऱ्या त्या शेपटाचा गंज कधीही काढायचा नसतो. त्याच्या रंगावरून वय वाचतात, आणि त्याच गंजात करणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. एका संग्राहकाने त्या गंजावर सहज रुमाल फिरवला म्हणून मॅडमनी त्याला चहा अर्धा सोडून घराबाहेर काढला होता. आणि इथलं शेपूट नव्या ताटासारखं पांढरं होतं. मॅडमनी भिंग लावलं. एक भोक ड्रिलने पाडलेलं, लष्करी मूठ बसवतानाचं. दुसरं हाताने, वाकडं, फार जुनं. आणि त्यांच्यामध्ये काही पुसट रेघा. मॅडमनी भिंग खाली ठेवलं.

"चिंच की लिंबू, आजी?"

"चिंच," आजी म्हणाल्या. "आनि विटकरीचा भुगा. पात्याला न्हाई हां. पात्याला निस्तं तेल आनि मऊ फडकं, मालकांनी सांगितल्यालं. आतल्याचं ते काय बोलले न्हवते. ते गेल्यावर खंडेनवमीला हत्यारं पुजाय मांडली, तवा मला वाटलं, वरनं लखलखीत आनि आत गंज, अशी देवाम्होरं कशी ठिवायची. मग दर साली घासली."

"तिथे अक्षरं होती?"

"हुती की. बारीक. मला वाटलं मळच बसलाय."

आजींना काहीतरी कळलं. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मॅडमकडे. "चुकलं का माझं?"

मुलगा मॅडमकडे हात जोडल्यासारखा बघत होता. मीही मनात म्हणत होतो, मॅडम, आज एकदा तरी डोळे झाकून पास करा. पण त्या मॅडम होत्या.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "तो गंज ठेवायचा असतो. करणाऱ्याचं नाव होतं तिथे, ते गेलं. आता ते कुणालाच कळणार नाही. मलाही नाही."

मग त्यांनी पातं उचलून आजींच्या डोळ्यांसमोर बल्बखाली धरलं. "पण हे बघा. चारशे वर्षांच्या आसपासचं आहे. कुणाच्या तरी घरातलं, पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं. इतक्या पावसाळ्यांत, इतक्या दमट हवेत यावर गंजाचा एक ठिपका नाही. नापास करायला मी सगळं शोधलं. पात्यात मला काही सापडलं नाही. आणि तेही तुमच्याच हाताने झालंय."

आजींनी ती रेघ जवळून बघितली. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "करनाराचं गेलं ते गेलं. राखनाराचं तरी लागंल का आता?"

त्यांना नवऱ्याचं नाव म्हणायचं होतं, हे उघड होतं. मॅडम फक्त "बघते" म्हणाल्या.

मॅडम स्वतः गावाला गेल्या, गाडी मी चालवली. शाळेच्या वर्गात बल्ब टांगला. सरपंच, हेडमास्तर आणि कमिटी ओळीने तोंडात कागद धरून बसली, आणि तेवढा वेळ त्या गावात कमालीची शांतता होती. मॅडमनी पदर दाखवले, रेघ दाखवली, जुनं भोक आणि नवं भोक दाखवलं. शेपटाच्या पांढरेपणाचा प्रश्न निघाला तेव्हा आजी मागून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "म्या घासलंय. चिंचंनं. त्या दुकानदाराला जाऊन सांगा, म्हातारीनं घासलंय म्हनून." मग त्या पुढे आल्या, पान ओठांत धरलं आणि मनगटावर ठोकून पातं काढून दाखवलं. कमिटीतल्या कुणाच्याही चेहऱ्यावर तेव्हा हसू नव्हतं.

पाटीचा मजकूर मॅडमनी तिथेच सांगितला. घडवणारा अज्ञात. आणणारा, आजींचे यजमान, पूर्ण नाव आणि हुद्दा. आणि तिसरी ओळ, राखणारी, आजींचं पूर्ण नाव. एक सभासद कचरत म्हणाले, मॅडम, दालन सैनिकांचं आहे, त्यात बाईमाणसाचं नाव कसं दिसेल.

"मग माझं मत मी परत घेते," मॅडम म्हणाल्या. "पातं टिकलं नसतं तर मी काय बघितलं असतं? तुम्ही ठरवा, मी गाडीत बसते." त्या खरंच जाऊन बसल्या. सरपंच गाडीपर्यंत आले.

दालनाच्या उद्घाटनाला आम्ही दोघं होतो. आजींना वाचता येत नव्हतं. तिसऱ्या ओळीचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, मॅडमनी बजावलं होतं. मुलाने त्यांना हाताला धरून काचेसमोर आणलं आणि वाचायला सुरुवात केली. यजमानांचं नाव आलं तेव्हा आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग स्वतःचं नाव आलं. अमक्याची बायको, तमक्याची आई नाही, स्वतःचं, माहेरहून आल्यापासून कुणी चारचौघांत न घेतलेलं. सगळं गाव मागे उभं होतं. मी मॅडमकडे बघितलं, तर त्या चष्मा पुसत होत्या. मला सांगायचं होतं की मी त्यांच्या हाताखाली काम करतो याचा मला आयुष्यात इतका अभिमान कधी वाटला नाही.

आजींनी काचेवर बोट टेकवलं. "ह्यो माझा शब्द?"

"होय आई, हाच."

"आनि ह्यो त्यांचा, वर?"

"होय."

आजी वळल्या. सरपंचांकडे, कमिटीकडे, मागच्या गर्दीकडे एकदा नीट बघितलं, आणि मुलाला म्हणाल्या, "पयल्यापासनं वाच. आनि मोठ्यानं वाच की जरा. मागच्यांस्नी ऐकू गेलं न्हाई."